टायफॉइड झाला होता, असं आई सांगायची

माझे केस चांगले होते. आमच्या घरात लोकांनी कौतुक करावं असं फारसं काही नव्हतं, त्यामुळे केसांचं व्हायचं. दाट, काळेभोर, कमरेपर्यंत. इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की आईला विचारायच्या, "काय लावतेस गं हिच्या केसांना?" आणि एरवी कुणाशी कामापुरतंच बोलणारी माझी आई खोबरेल, जास्वंद, मेथी असं सगळं सविस्तर सांगत उभी राहायची. रविवारी सकाळी ती मला खाली पाटावर बसवायची, स्वतः पलंगावर बसायची आणि तेल लावायची. जवळ घेणं, लाड करणं हे प्रकार आमच्यात नव्हते. जे काही होतं ते त्या तेल लावण्यात होतं.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. अजून तिथेच राहतो. आजोबा गिरणीकामगार. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी इकडे वॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत लेथवर नोकरी धरली आणि मग घरही इकडेच घेतलं. मी एकुलती एक.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि तिथेच वाट लागली. मार्क चांगले म्हणजे सायन्स, सायन्स म्हणजे घाटकोपरचा क्लास, हे कुणी ठरवायचीही गरज पडली नाही. "तू इंजिनियर हो" असं बाबा मला एकदाही म्हणाले नाहीत. ते फक्त जेवताना कंपनीत नवीन लागलेल्या एका इंजिनियर मुलीबद्दल सांगायचे. तिला काचेची केबिन दिलीय, जुने जुने सुपरवायझर तिला मॅडम म्हणतात. एवढं सांगायचे आणि भात वाढायला सांगायचे.

क्लासमध्ये टेस्टच्या मार्कांवरून बाक ठरायचे. मी पहिल्या बाकावरून सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत पार मागे, दाराजवळ पोचले. फळ्यावरचं मला दिसत होतं, ऐकू येत होतं, पण आत काही जात नव्हतं. शाळेत मी हुशार होते. इथे सगळेच हुशार होते, आणि मला हुशारीशिवाय दुसरं काही येतच नव्हतं.

एका दुपारी घरी गणितं सोडवत बसले होते. उत्तर येत नव्हतं. डोक्याला हात लावून बसले असताना एक केस बोटांना वेगळा लागला. बाकीच्यांपेक्षा जाड, जरा खरखरीत. तो बोटाभोवती गुंडाळला आणि ओढला. टाळूला बारीकशी चुणचुण झाली आणि मग, कसं सांगू, आत एकदम शांत झालं. छातीत दिवसभर धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. मी त्या केसाच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपका बघत राहिले. मग तसाच दुसरा शोधायला लागले.

हे मी कुणाला समजावून सांगू शकले नसते. मला दुखत नव्हतं असं नाही, आणि मला स्वतःला दुखवायचं होतं असंही नाही. पुष्कळदा तर हात डोक्यात गेलाय हेच कळायचं नाही. पानं उलटायचे आणि अर्ध्या तासाने बघायचे, तर मांडीवर केसांचा पुंजका. तो उचलून मी पलंग आणि भिंतीच्या फटीत टाकून द्यायचे. रविवारी सकाळी आता टेस्ट असायची, त्यामुळे तेल लावणं बंद पडलं होतं. मी अंबाडा घालायला लागले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

संक्रांतीनंतर शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. आई म्हणाली, "आज वेणी घाल. मी गजरा आणलाय." मी नाही नाही म्हणत होते तरी तिने मला ओढून पाटावर बसवलं, अंबाडा सोडला आणि भांग पाडायला कंगवा घातला. कंगवा थांबला.

"हे काय आहे?"

तिने बोट ठेवलं. ते बोट थेट कातडीला लागलेलं मला जाणवलं. उघडी पडलेली जागा होती, पुरीएवढी.

"अगं, चाई लागली की तुला!" आई घाबरून म्हणाली.

चाई म्हणजे डोक्यावर गोल चकत्या पडून केस जातात तो रोग. मला तो शब्द मिळाला आणि मी तो धरून ठेवला.

मग सगळं घर माझ्या डोक्यामागे लागलं. कांद्याचा रस सुरू झाला. त्याचा वास कॉलेजात माझ्या आधी वर्गात शिरायचा. बोरिवलीहून आत्या आली. ती अजून मालवणीतच बोलते. माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "कोणाची नजर लागली गो माझ्या चेडवाक," आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. माझ्यावरून मूठ ओवाळताना तिचे डोळे भरून आले होते. या सगळ्यातलं मला सगळ्यात जड जायचं ते हे, की सगळे इतके मनापासून करत होते.

मुलुंड पश्चिमेला एक त्वचारोगाचे डॉक्टर होते. त्यांनी वरवर बघून चाईच म्हटलं आणि टाळूत इंजेक्शनं सुरू केली. त्या टकलाच्या जागेवर, अगदी जवळ जवळ, बारीक सुईने टोचत जायचे. आई माझा हात धरून उभी असायची आणि तिचाच चेहरा वेडावाकडा व्हायचा. मी हूं की चूं करायचे नाही. डॉक्टर म्हणायचे, "ब्रेव्ह मुलगी आहे." खरं सांगितलं असतं तर सुया थांबल्या असत्या. पण खरं काय होतं? माझे केस मी उपटते, का ते माहीत नाही, थांबता येत नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर काढण्यापेक्षा सुया बऱ्या वाटायच्या.

इंजेक्शनांनी काही होईना, तेव्हा कुणीतरी दुसऱ्या डॉक्टर सुचवल्या. या बाई वयाने लहान होत्या. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

आई गेल्यावर त्या म्हणाल्या, "चाई असती तर जागा एकदम साफ दिसली असती. इथे केस तुटलेत. कुठे छोटा, कुठे मोठा. मी ओरडत नाहीये तुला. तू ओढतेस का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंग खाली ठेवलं. मग आईला आत बोलावून त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा म्हणून चिठ्ठी दिली.

घरी आल्यावर आईने दार लावलं, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दाखव."

"काय?"

"कसं करतेस ते. दाखव मला."

मी रडायला लागले. ती माझ्याकडे बघत उभी होती. मग तिने स्वतःच्या कानामागचा एक केस चिमटीत धरला आणि जोरात ओढला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखतं की गं," ती म्हणाली. "हे तू दिवसभर करतेस?"

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. डाळ-तांदूळ धुताना मध्येच थांबून ती कानामागे हात लावून बघत होती.

ती चिठ्ठी आईने कपाटात ठेवून दिली. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मेंटलच्या डॉक्टरकडे नेलं आणि कुणी बघितलं, तर? उद्या हिचं लग्न व्हायचंय. सवय आहे ती, नखं खाण्यासारखी. सुटेल." बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीतून पांढरे सुती हातमोजे आणले, नवे, पाकिटातले. अभ्यास करताना हे घाल म्हणाले. मी घातले. मोज्यांनी पेनही धरता यायचं नाही आणि केसही. मग मी दोन्हीसाठी ते काढायचे.

त्याच सुमारास आईने टायफॉइड शोधून काढला. मी आता स्टोल बांधूनच बाहेर पडायचे, आणि लोक विचारायला लागले होते. जिन्यात एका बाईंनी विचारलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "टायफॉइड झाला होता ना हिला. केस गेले सगळे." त्या बाईंनी हळहळून मला पपई पाठवली. मग सगळ्या इमारतीला कळलं. कुणी शहाळं आणून दिलं, कुणी म्हटलं, येतात गं परत, माझ्या भाचीचे आले. टायफॉइड चांगला होता. टायफॉइडमध्ये तुमची काही चूक नसते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मला जरा अशक्त असल्यासारखं उभं राहावं लागायचं, आणि खरं म्हणजे त्यासाठी मला काही करावं लागत नव्हतं.

माझी एक मैत्रीण होती. पहिलीपासूनची, मागच्याच इमारतीतली. तिलाही मी टायफॉइडच सांगितला होता, पण तिला काहीतरी वेगळं असल्याचा वास येत असणार. परीक्षा संपल्यावर कॉलेजच्या ग्रुपने मनोरीला जायचं ठरवलं. मी नाही म्हणत होते. ती म्हणाली, "चल ना यार, किती दिवस घरात सडणारेस?" आई म्हणाली, जाऊ दे, हवापालट होईल.

मार्व्याहून आम्ही फेरी बोट घेतली. खाडी ओलांडायला वेळ लागत नाही, पण मध्यावर वारा असतो. सगळे कठड्याशी उभे राहून सेल्फी काढत होते. मी दोन्ही हातांनी स्टोल धरला होता. मैत्रीण म्हणाली, "अगं हात तरी काढ, फोटोत घाबरल्यासारखी दिसतेस." मी एक हात काढला. वाऱ्याने स्टोल उचलला आणि मी पकडेपर्यंत तो पाण्यावर गेला.

तोपर्यंत माझ्या डोक्यावर वरच्या भागात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. बाजूने लांब केस आणि मधे टक्कल, त्यात कुठे कुठे खुंट. कुणीही हसलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की हसले असतील. एका मुलाने दुसरीकडेच बघत विचारलं, "परतीची बोट किती वाजता आहे रे?" मैत्रिणीने बॅगेतून रुमाल काढून दिला. मी तो बांधला. दिवसभर आम्ही वाळूत बसून वडापाव खाल्ले, पाण्यात पाय बुडवले, आणि माझ्याशी सगळे फार जपून बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसे.

त्यानंतर मैत्रिणीचे मेसेज कमी होत गेले. भांडण झालं नाही. मी लिहिलं तर ती उत्तर द्यायची, शेवटी एक लाल बदाम पाठवायची. ती घाबरली होती एवढंच. सतरा वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मलाही नव्हतं. पुढच्या वर्षी तिच्या घरचे ठाण्याला राहायला गेले. माझी आणि तिची मैत्री आजही फेसबुकवर आहे, म्हणजे नाहीच.

बारावीचे वर्ग सुरू झाले आणि मी जाणं बंद केलं. सकाळी आंघोळ करायचे, कपडे घालायचे आणि चपलांपाशी बसून राहायचे. आई आधी ओरडली, मग विनवण्या केल्या, मग तिने चपला आत ठेवून दिल्या. एक दिवस ती म्हणाली, "सगळेच काढून टाकूया. नसलेच तर उपटशील काय?"

पार्लरमध्ये न्यायची तिला लाज वाटत होती. तिने मला न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं, खांद्यांवर जुनी साडी गुंडाळली आणि बाबांचं दाढीचं ट्रिमर घेतलं. बाजूचे लांब केस आधी कात्रीने कापले. ते खाली पडायचे तसे ती पायाने हळूच कोपऱ्यात सारत होती. ट्रिमर दाढीचं, मध्येच अडकायचं. ती "दुखलं का?" विचारायची, मी "नाही" म्हणायचे. संपल्यावर तिने माझ्या डोक्यावरून ओला पंचा फिरवला आणि नळ सोडून तिथेच बसून राहिली. नळाच्या आवाजात ती रडत होती. मी आत जाऊन पडले. मला काहीच वाटत नव्हतं, आणि ते केस उपटण्यापेक्षा वाईट होतं.

आईचा हिशोब चुकला. डोक्यावर काही उरलं नाही तेव्हा माझा हात पापण्यांकडे गेला.

बाबांच्या ते ताटात लक्षात आलं. रविवारी दुपारी जेवत होतो. माझ्या वरणभातावर पापणीचे केस पडले होते. बाबांनी आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. एका डोळ्याला वरची पापणी अशी राहिलीच नव्हती; डोळा उघडा पडल्यासारखा दिसत होता. त्यांनी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ते मला घेऊन महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. आईला सांगितलं, डोळे दाखवायला नेतोय.

मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर आम्ही खूप वेळ बसलो होतो. मला वाटलं होतं तिथे वेडे लोक असतील. तिथे माझ्या वर्गातल्यांसारखी मुलं होती, ऑफिसची बॅग घेतलेले पुरुष होते, एक नवी नवरी होती. बाबा सारखे इकडे तिकडे बघत होते. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून असेल. पण उठले नाहीत.

आत गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी मान खाली घातली, तेव्हा बाबा बोलले. "मॅडम, हिला काहीतरी त्रास आहे. आम्हाला तो कळत नाहीये. आम्ही ओरडून पाहिलं, हात बांधायचे तेवढे बाकी ठेवलेत." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. ट्रायकोटिलोमेनिया. ते ऐकून मी पहिल्यांदा वर बघितलं. याला नाव होतं, म्हणजे हे आणखी कुणीतरी करत होतं.

"किती दिवसांत बरी होईल?" बाबांनी विचारलं.

"बरी होईल असं मी आज सांगत नाही," त्या म्हणाल्या. "कमी होईल. परत येईल, परत कमी होईल. आणि केसांच्या खाली जे आहे त्याच्यावर आधी काम करावं लागेल. ही मुलगी खूप उदास आहे. तुमच्या लक्षात आलं होतं?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

घरी खरं सांगितलं तेव्हा आईने बाबांशी बोलणं टाकलं. "शिक्का मारून आणलात पोरीवर," ती म्हणाली. बरेच दिवस दोघं माझ्यामार्फत बोलायची. पण गोळी मात्र ती रोज स्वतः द्यायची. दुधाचा पेला आणि तळहातावर गोळी. ती कशाची हे ती म्हणायची नाही. दर महिन्याला बाबा माझ्याबरोबर यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. आत समुपदेशन करणाऱ्या दुसऱ्या एका मॅडम मला हात कुठे जातोय ते ओळखायला शिकवायच्या, त्या वेळी मूठ घट्ट मिटून धरायला, आणि हळूहळू क्लासबद्दल, बाकांबद्दल, काचेच्या केबिनबद्दल बोलायला. त्या केबिनबद्दल तिथे बोलते, हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटेल की त्यांनी केलं. त्यांनी केलं नव्हतं. कुणीच केलं नव्हतं.

माझं एक वर्ष गेलं. सायन्स सोडलं, कॉमर्स घेतलं. केस आले, पण टाळूच्या मधे ते विरळच राहिले. मुळं तितकी ओढली की काही पुन्हा उगवत नाहीत, असं सांगतात. आता मी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. भांग एका बाजूला पाडते. कुणाला कळत नाही.

मागच्या वर्षी ऑफिसातली अर्धी माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर त्यांचं काम आलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कीबोर्ड उलटा करून झटकला, तर त्यातून केस पडले. माझे. हात कधी वर गेला होता, किती दिवस जात होता, मला माहीत नव्हतं. मी ते टिश्यूत गोळा केले. इतक्या वर्षांनी परत तिथेच येऊन पडल्यासारखं वाटलं.

अर्धी सुट्टी टाकून मी त्याच हॉस्पिटलात गेले. जुन्या मॅडम तिथे नव्हत्या. खुर्चीत एक तरुण डॉक्टर होता, माझ्याच वयाचा. म्हणाला, "बोला, काय होतंय?"

मी म्हटलं, "मी माझे केस उपटते."

मराठीत, सरळ, मोठ्याने. तो लिहीत होता, त्याने मान वर केली. "कधीपासून?"

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाहेर रांग होती, तरी त्याने मध्ये थांबवलं नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फार फरक पडलाय असं म्हणता येणार नाही. काही आठवडे बरे जातात, काही नाहीत.

त्या दिवशी बाहेर पडून बस स्टॉपवर उभी होते तेव्हा आईचा फोन आला. ऑफिसातून लवकर निघाले हे तिला कसं कळलं माहीत नाही. म्हणाली, "कुठे आहेस?"

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो तिने बंद केला.

"एकटी गेलीस?"

"हो."

"मला सांगायचंस," ती म्हणाली. "आले असते."

ऊन कलायला लागलं होतं. बस बराच वेळ आली नाही, आणि आईनेही फोन ठेवला नाही.